राहीचा झिरा

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला, चारशे सतराव्या ओळीवर, आम्रपालीचा हात माउसवर तसाच राहिला. तोवर काम कसं बिनबोभाट चाललं होतं. पिंपळे गुरवातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरचं हे ऑफिस, त्यात सात खुर्च्या, सहा माणसं आणि एक कायम गळणारा एसी. आणि या सहा माणसांचं पोट कशावर, तर चाकण पट्ट्यातल्या पाण्याची यादी करण्यावर. कुठल्या शिवारात कुठलं पाणी कुठून निघतं आणि कुठं जाऊन मिळतं, त्याची एकेक ओळ भरायची. लांबी, रुंदी, उतार, प्रकार, नाव. प्रकाराच्या रकान्यात बाण दाबला की पाच शब्द खाली उलगडत: नदी, ओढा, नाला, चर, इतर. आपल्या माणसांनी वाहत्या पाण्याला ओहोळ म्हटलं, ओघळ म्हटलं, लवण म्हटलं, नळी म्हटलं, घळ म्हटलं, पण ते सगळं इथं 'इतर'मध्ये कोंबायचं. आम्रपालीला त्याचं काही वाटत नसे. सहा वर्षं ती हेच करत होती आणि ऑफिसात तिच्याएवढा झपाझप हात कुणाचा चालत नव्हता. शेजारची मोनिका म्हणायची, तू ओळी वाचतच नाहीस म्हणून. ते खरंच होतं.

ही ओळ मात्र वाचली गेली. ठिकाण, निघोज्याच्या पुढच्या वाडीचं शिवार. प्रकार, चर. नाव, नाही. स्थानिक माहितगार, बन्सी, वय पासष्ट. सोबत फोटो. फोटोत गुडघाभर गवत, त्यातून आडवं पडलेलं काळं पाणी आणि काठाला एक खडक. खडकाच्या माथ्यावर वाटीएवढा खळगा. त्या खळग्यात साबण ठेवायचा असतो, असं आम्रपालीच्या मनात आलं. तिथं ठेवला म्हणजे घरंगळून पाण्यात जात नाही. एवढं मनात आलं आणि पुढं काही येईल म्हणून ती जराशी थांबली. काही आलं नाही. छातीत धडधड नाही, घशात आवंढा नाही. एसीचं पाणी खालच्या बादलीत पडत होतं ते तिनं ऐकलं, आणि बादली भरली की नाही हे वाकून पाहिलं.

या कोरडेपणाची तिला सवय होती. दोन वर्षांपूर्वी तिनं डॉक्टरलाही सांगून पाहिलं होतं, की मला लागत नाही. काय लागत नाही? तर काहीच. आंघोळीचं पाणी गार आहे का कढत आहे हे अंगावर ओतूनही चटकन कळत नाही; बोट कापलं तर भाजीत लाल दिसतं तेव्हा समजतं. डॉक्टरनं साखर तपासली, बी-ट्वेल्व्ह तपासलं, पाच इंजेक्शनं टोचली. सगळं नॉर्मल, म्हणाला, ताण घेऊ नका. तिनं कुठं ताण घेतला होता! वडील गेले, कोंडीराम, त्याला आता नऊ वर्षं झाली. त्यांच्या पुण्यानुमोदनाला दोनशे माणसांचं जेवण तिनं एकटीनं सांभाळलं. वाढप्याला ओरडली, भात कमी पडतोय म्हणून परत टाकायला लावला, भन्तेजींची गाडी वेळेवर आणवली. बायका आपसात म्हणाल्या, पोरगी खंबीर हाय हो. खंबीर! तिला नुसतं रडू आलं नव्हतं. ती आचाऱ्याच्या मागं उभी राहून वाट बघत होती, की आता येईल, आता येईल, आणि मग पातेली मोजून परत करायची वेळ झाली.

तिचा साहेब ज्ञानेश. तिच्याहून दहा वर्षांनी लहान, मनानं काही वाईट नाही, फक्त सारखा घाईत. ती ओळ किती वेळ उघडी आहे हे त्याला त्याच्या खुर्चीवरून दिसत असे, म्हणून तो उठून आला. त्यानं समजावून सांगितलं, की ताई, शुक्रवारी संध्याकाळी यादी जायची आहे. तिथं एका कंपनीचं गोडाऊन व्हायचंय. ओळीत 'ओढा' पडला, तर दोन्ही काठांनी जागा सोडावी लागते, पाणी उघडं ठेवावं लागतं. 'चर' पडला, तर पाइप टाकून वरून सपाट. पोरांनी 'चर' लिहून आणलंय, फोटो आहे, गावच्या म्हाताऱ्याची सही आहे, तुम्ही फक्त दाबायचं. आणि समजा कुणाला वाटलंच की हा ओढा आहे, त्याला नाव आहे, तर मग छापील फॉर्म, जागेवर जाऊन पाहणी, साठीच्या वरच्या दोन स्थानिक माणसांचा जबाब, दोन सह्या. एवढ्याशा पाण्यासाठी कोण करतंय ते? एक क्लिक आहे, ताई. आम्रपाली म्हणाली, मी जाऊन बघते. ज्ञानेश तिच्याकडे बघत राहिला. सहा वर्षांत ती साइटवर कधी गेली नव्हती. तीही स्क्रीनकडे बघत राहिली. हे आपण का बोललो ते तिलाही उमगलं नव्हतं.

त्या पाण्याला नाव नाही म्हणे. नावं उलट जास्तच होती. वाडीच्या ओढ्याला कुणी ओढा म्हणत नसे, त्याच्या तुकड्यातुकड्याला वेगळं नाव. डोंगराच्या अंगाला त्याची नळी, मग कुरणातला ओहोळ, मग जिथं गावानं दगडी बंधारा घातला होता तिथं बांधाचं पाणी, आणि बंधाऱ्याखाली गावच्या बायका धुणं धुवायच्या ते धुण्याचं वळण. वळणापर्यंत गावाची नावं. वळणानंतर ओढा गावाबाहेरच्या, आम्रपालीच्या वस्तीकडं यायचा, आणि तिथून पुढच्या पाण्याला गाव नुसतं 'खाली' म्हणायचं. खाली काय आहे, कुठं खोल आहे, कुठं उथळ आहे, याच्याशी गावाला कर्तव्य नव्हतं. खालची नावं वस्तीनं ठेवली होती. म्हशीचं लोळण, दोन तोंडं, आणि या दोहोंच्या मधला राहीचा झिरा. राही म्हणजे कोंडीरामची आजी. बहात्तरच्या दुष्काळात ओढा आटला, गावची विहीर आटत आली आणि गावच्या विहिरीवर वस्तीला तसाही मज्जाव. तेव्हा या राहीनं खडकाच्या पोटाशी बसून करवंटीनं वाळू उपसली. हातभर खाली ओल लागली, दोन हातांवर पाणी झिरपायला लागलं. एक घागर भरायला तासभर लागायचा. म्हातारी दिवसभर तिथं बसून राहायची, एकेकीची घागर भरून द्यायची. आम्रपालीनं तिला पाहिलेलं नव्हतं. तिनं पाहिला तो झिरा निराळाच होता. ट्रॅक्टरवाल्यांनी बंगल्यांसाठी वाळू काढून काढून तिथं दोन पुरुष खोल खड्डा केला होता. नाव मात्र झिराच राहिलं. खडकावर खळगा होता आणि खळग्यात साबण ठेवायचा असे.

ती अकरा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ बुद्धरत्न सहा वर्षांचा. दिवाळीची सुट्टी चालू होती. आदल्या संध्याकाळी डोंगराकडं अवेळी पाऊस झाला होता, पण ओढ्याला जेमतेम घोट्याएवढं पाणी, नितळ, गार. आईनं, केसरबाईनं, दोन गोधड्या धुवायला दिल्या होत्या आणि स्वतः मजुरीला गेली होती. बुद्धरत्न काठाकाठानं चड्डी वर धरून मासे बघत होता आणि प्रत्येक माशाला तिला हाक मारत होता. ती म्हणत होती, हो, बघितला. बघत नव्हती. मग पाणी वाढलं. गढूळ झालं, गोधडीचं टोक आपोआप उचललं गेलं, गुडघ्याला धक्का बसला. अधूनमधून व्हायचं तसं. वस्तीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, ओढ्याच्या अंगात आलं. तिनं गोधडी धरली. दोन्ही हातांनी गोधडी धरली, कारण ती गेली असती तर आईनं मारलं असतं. मागं वळली तेव्हा खडकाजवळ कुणी नव्हतं.

वस्तीतले बाप्ये पहिल्या पाळीला कंपनीत गेलेले. ती वर पळाली, वळणावरून, बांधाकडं. बांधावर चार माणसं होती, कमरेपर्यंत भिजलेली, चिखलानं माखलेली. ती ओरडली, बुद्धरत्न राहीच्या झिऱ्यात पडला. माणसं तिच्याकडं बघायला लागली. त्यांतल्या एकानं, बन्सीनं, कपाळाला आठ्या घालून विचारलं, "राहीचा झिरा? कुठं आलं ते?" आणि आम्रपालीच्या तोंडून पुढं काही निघेना. तो झिरा कुठं आहे हे दुसऱ्या शब्दांत सांगायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. झिरा झिऱ्यात होता. ती हात करत राहिली, तिकडं, तिकडं, आणि ती माणसं उभी राहिली, आपसात काही बोलली, मग दोघं बांधाकडे वळले, आणि किती वेळानं कोण जाणे, दोघं तिच्या मागून खाली आले. तोवर पाणी उतरलंही होतं. बुद्धरत्न त्यांना लगेच सापडला.

कोंडीराम चारला आला. तो ओरडला नाही, त्यानं तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. रात्री सगळी माणसं गेल्यावर त्यानं तिला जवळ घेतलं, केसांतून हात फिरवला आणि अगदी हळू म्हणाला, "नाव नीट सांगायचं होतं गं, आमू. आपली नावं गावाला कुठं ठाऊक असतात?" त्यानंतर हा विषय त्या घरात कुणी काढला नाही. पंधरा दिवसांत ते पिंपरीला कंपनीजवळच्या खोलीत राहायला आले. आम्रपाली शाळेत जायला लागली, हुशार निघाली, बी.ए. झाली, कॉम्प्युटरचा कोर्स केला, लग्न झालं, मुलगी झाली, दीक्षा. पण पत्ता सांगायचा झाला की ती तीन खुणा सांगायची आणि शेवटी विचारायची, कळलं ना? परत सांगा बरं. डिलिव्हरीवाली पोरं वैतागून जायची. नवरा चेष्टा करायचा, की हिला चहा मागितला तरी कुठल्या कपात, कुठल्या ओट्यावरचा, विचारेल. ती हसायची. आणि हे सगळं तिनं जणू काचेपलीकडून पाहिलं होतं, अठ्ठावीस वर्षं.

बुधवारी संध्याकाळी तिनं केसरबाईला सांगितलं. आई तिच्याकडेच असते, वडील गेल्यापासून. लसूण सोलत बसली होती. आम्रपालीनं ऑफिसचं काम म्हणूनच सांगितलं, वाडीच्या ओढ्याच्या नावासाठी तिथं राहिलेलं साठीच्या वरचं माणूस लागतं, जबाब द्यायला, तू सहासष्टची आहेस, वस्तीतली बाकी घरं कुठं कुठं पांगली. आईनं विचारलं, कुठल्या तुकड्याचं नाव? तिनं सांगितलं. केसरबाईनं हातातली पाकळी सोलून पूर्ण केली, ताटात टाकली, मग पदराला हात पुसले आणि सकाळी किती वाजता निघायचं ते विचारलं. आम्रपालीला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिनं नाही म्हणावं अशी आपली इच्छा होती का, हे तिनं मनात चाचपून बघितलं. तिथंही काही हाताला लागलं नाही.

गुरुवारी दोघी स्कूटरवरून निघाल्या. पवनेचा पूल ओलांडला, नाशिक फाटा, भोसरी, मोशी. केसरबाई मागं एका अंगानं बसली होती, पिशवी मांडीवर, पिशवीत पाण्याची बाटली आणि दोन केळी. मोशीत पूर्वी ऊस होता तिथं आता बारा मजल्यांच्या इमारती, बसथांब्यावर पाठीला बॅगा लावलेली गर्दी. इंद्रायणीच्या पुलावर वास आला आणि फेसाचे गोळे दिसले, पांढरे, संथ वाहत चाललेले. केसरबाई म्हणाली, नदीला बी साबण लावतेत का काय आता? आम्रपाली म्हणाली, कंपन्यांचं पाणी गं. तेवढंच बोलणं झालं. पुढं निघोजे, कंटेनरच्या रांगा, मग वाडीचा रस्ता. वस्ती होती तिथं पत्र्याचं उंच कुंपण, आत क्रेन. वस्तीच्या जागी काहीही खूण नव्हती, चिंच नाही, विहाराचा कट्टा नाही. ओढा होता. म्हणजे काळं, संथ, चार-पाच हात रुंद काहीतरी गवतातून सरकत होतं. आणि खडक होता.

केसरबाई खडकाजवळ गेली, पाण्याकडं बघत उभी राहिली. किती वेळ, ते आम्रपालीनं पाहिलं नाही. ती टेपनं रुंदी मोजत होती. दोन मीटर दहा. उतार आग्नेयेला. पाणी बारमाही आहे का? आहे. मग तिनं खडकावर फॉर्म ठेवून आईचा जबाब घेतला. या पाण्याला स्थानिक नाव आहे का? राहीचा झिरा. हे नाव तुम्हाला कधीपासून माहीत आहे? लगीन करून आले तवापास्नं. केसरबाईनं प्रौढ वर्गात शिकलेली तिची ती एकेक अक्षर सुटं असलेली सही केली. आम्रपालीनं पुढचा कागद काढला. दुसरा साक्षीदार गावातला लागणार होता, आणि त्या गावातलं तिला माहीत असलेलं साठीच्या वरचं नाव एकच होतं, जे चारशे सतराव्या ओळीत लिहिलेलं होतं.

बन्सीचं घर आता दोन मजली होतं, वरच्या खोल्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. दोऱ्यांवर निळे गणवेश वाळत होते. म्हातारा पडवीत खुर्चीवर बसला होता, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. सुनेनं, अनितानं, ऑफिसची बाई आलीय म्हणून सांगितलं, खुर्ची दिली, चहा टाकते म्हणाली. केसरबाई खुर्चीवर बसली नाही, जोत्याच्या कडेला टेकली. बन्सीनं तिच्याकडं पाहिलं, पण त्याला दिसलं असावं ते फक्त एक लुगडं. म्याडम, तो आपणहून म्हणाला, मागं बी तुमची पोरं आली व्हती, गाडीतनं उतरली बी न्हाईत, सही घेतली आन गेली. आम्रपालीनं विचारलं, त्यांनी नाव विचारलं नाही का? कुनी इचारलं, म्हणाला. एकटा पडलेला माणूस असावा. बोलायला मिळालं म्हणून खूश दिसला. तिनं फॉर्म मांडीवर घेतला, पेन उघडलं आणि ऑफिसातल्या आवाजात वाचायला लागली.

"धुण्याच्या वळणाच्या खाली, वस्तीजवळ, जे पाणी आहे, त्याला काही स्थानिक नाव आहे का?"

"हाय की. राहीचा झिरा."

तिनं लिहिलं. राहीचा, झिरा. पुढचा प्रश्न वाचला.

"हे नाव तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"ल्हानपनापास्नं."

तिनं 'लहान' एवढं लिहिलं. मग पेन पुढं गेलं नाही. अनिता चहाचे कप ठेवून आत गेली. वरच्या मजल्यावर कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं होतं. आम्रपालीला बांधावरची चार माणसं दिसली, त्यांची ओली धोतरं दिसली, आणि त्या कपाळावरच्या आठ्या. कमरेपर्यंत का भिजली होती ती माणसं? घोट्याएवढ्या पाण्याच्या ओढ्यात, धुण्याच्या वळणाच्या वर, चार माणसं सकाळी सकाळी कमरेपर्यंत कशानं भिजतात? हा प्रश्न तिनं अठ्ठावीस वर्षांत एकदाही विचारला नव्हता. तिला एकच पाठ होतं, की आपण नाव नीट सांगितलं नाही.

"मग त्या दिवशी मला का विचारलंत," ती म्हणाली, "कुठं आलं ते म्हणून?"

म्हाताऱ्यानं मान तिरकी करून चांगला डोळा तिच्यावर धरला. मग जोत्याकडं वळवला. तिथं बसलेलं लुगडं कोण आहे ते त्याला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर त्यानं खुर्चीचे दोन्ही हात धरले. "कोंडीरामची का तू?" एवढंच तो म्हणाला. चहावर साय धरायला लागली. मग तो सांगायला लागला, आम्रपालीला नव्हे, जमिनीला. बंधाऱ्याच्या तोंडाशी पाणी अडवणाऱ्या फळ्या त्यानंच काढल्या होत्या. दिवाळीच्या आधी फळ्या टाकून पाणी अडवलेलं, त्यात तो अवेळी पाऊस, तुंब कांद्याच्या रोपात शिरला. रोप कुजलं असतं तर साल गेलं असतं. तिघं सोबतीला घेऊन त्यानं फळ्या उपसल्या. फळ्या काढायच्या आधी एकानं काठानं हाळी देत खाली जायचं, पाणी सोडतोय, वर व्हा, अशी रीत होती. बन्सी स्वतः गेला होता हाळी द्यायला. धुण्याच्या वळणापर्यंत गेला, तिथल्या बायकांना उठवलं, त्यांनी कपडे गोळा केले, आणि तो परत फिरला.

"त्याच्या पुढं हाळी द्यायला कंदीच कुनी जात नसायचं," तो म्हणाला. "आमचा बाप बी गेला न्हाई, मी बी न्हाई गेलो. तसं मुद्दाम न्हाई. रीतच न्हवती."

"आणि झिरा?" आम्रपालीनं विचारलं.

"तू नाव घेतलंस आन मला झिरा डोळ्याम्होरं दिसला. बहात्तरला आमच्या आईनं पहाटं लपून त्याच झिऱ्याचं पानी आनलंय. राहीनं हातानं भरून दिलंय, कुनाला सांगितलं न्हाई. ते पानी पिऊन जगलोय, मला ठाव नसंल व्हय?" त्याचा जबडा हलत राहिला. "म्हनलं आदी फळ्या टाकू. पानी तुटंल, पोर सापडंल. आन कुनाला कळायचं न्हाई, कुनी काढल्या. म्हनून तुला इचारलं, कुठं आलं ते."

आम्रपाली कागदाकडं बघत होती. 'लहान' लिहून पुढं मोकळी जागा होती. केसरबाई जोत्यावरून उठली. आयुष्यभर ती या माणसाला दादा, अहो दादा म्हणत आली होती, तेही लांबून, पदर सावरून, त्याच्या शेतात खुरपताना. ती त्याच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"सही कर, बन्सी," ती म्हणाली.

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. केसरबाईनं लेकीच्या मांडीवरचा कागद उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला, वर पेन ठेवलं. तिनं शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. म्हाताऱ्यानं डोळा कागदाला भिडवून कुठं ते शोधलं आणि सही केली. आम्रपालीनं कागद परत घेतला, 'लहान'च्या पुढं 'पणापासून' लिहिलं, तारीख घातली. चहा तसाच राहिला.

गेटबाहेर स्कूटरवर बसूनच तिनं टॅबवर ती ओळ उघडली. प्रकार, ओढा. नाव, राहीचा झिरा. दोन्ही फॉर्मचे फोटो जोडले आणि पाठवून दिलं. पाच मिनिटांत ज्ञानेशचा फोन आला. त्याची कुरकुर तिनं सगळी ऐकून घेतली, कंपनीवाले काय म्हणतील, वरचे काय म्हणतील, एक क्लिक होता ताई. ती म्हणाली, ओढा आहे, नाव आहे, दोन सह्या आहेत, आणि फोन बंद केला. मग निघायला म्हणून तिनं हँडलला हात घातला. स्कूटरची मूठ उन्हानं तापलेली होती आणि ती चटका देत होती. चांगलाच देत होती. तिनं हात काढून घेतला, मग परत धरली.

निघोज्यापासून मोशीपर्यंत तिला राग येत गेला. आधी बन्सीचा आला, त्या आठ्यांचा. मग त्या फळ्यांचा, त्या कांद्याच्या रोपाचा, वळणापाशी मागं फिरलेल्या पायांचा. मग इंद्रायणीचा पूल आला आणि तिला बापाचा राग आला. कोंडीरामचा, ज्यानं केसांतून हात फिरवून तिला ते वाक्य दिलं होतं आणि नऊ वर्षांपूर्वी ते तसंच खरं मानून जो गेला. त्याचा सगळ्यांहून जास्त आला. लाज वाटली तिला, मेलेल्या माणसाचा, तेही अशा बापाचा, आणि तरी आला, पोटातून आला, आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला. पूल संपल्यावर एका बंद टपरीपाशी तिनं स्कूटर कशीबशी कडेला घेतली.

"बाबांनी मला असं का म्हटलं गं?" ती म्हणाली. "मी नाव बरोबरच सांगितलं होतं."

केसरबाई खाली उतरली होती. पिशवी खांद्याला अडकवून लेकीसमोर उभी होती. मागून कंटेनर गेला, त्याची धूळ दोघींवर बसली.

"बरोबरच सांगितलं व्हतंस," ती म्हणाली. "त्याला ते कुनावर तरी टाकायचं व्हतं. गावावर टाकायची छाती न्हवती. तवा मी भिताडाला टेकून बसले व्हते, समदं ऐकलं. पोरीला असं बोलू नका म्हनायला पायजे व्हतं. न्हाई म्हनले."

आम्रपालीच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिला स्वतःला ओळखू आला नाही. तिनं हँडलवर डोकं टेकलं. केसरबाईनं आपला पदर सोडून तिच्या डोक्यावरून घेतला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून, आणि बाटलीचं झाकण उघडून हातात धरून ठेवली.

"रड," ती म्हणाली. "हितंच रडून घे. घरी दीक्षा भिईल."